गैरहजेरीतला कौल

महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात एक ग्रंथपाल होते. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली; तरी दुपारी चारच्या सुमारास ते आजही वाचनकक्षात येतात, खिडकीजवळच्या ठरलेल्या खुर्चीवर बसतात आणि मराठी, गुजराती व हिंदी नियतकालिकांचे आलेले अंक चाळतात. त्यांच्या कारकिर्दीत ग्रंथालयाची देवघेव ब्राउन पद्धतीने चालत असे. प्रत्येक पुस्तकाच्या खिशात त्याचे एक पत्रक असे. वाचकाजवळ पाकिटासारखी दुमडलेली तिकिटे असत. पुस्तक नेताना ते पत्रक वाचकाच्या तिकिटात सरकवून लाकडी तबकात तारखेनुसार लावले जाई. पुस्तक परत आले, की पत्रक पुस्तकात जाई आणि तिकीट वाचकाच्या हाती पडे. त्या क्षणी हा माणूस आणि हे पुस्तक यांचा कधी काळी संबंध आला होता, याची खूण ग्रंथालयात कोठेही उरत नसे.

ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट या पद्धतीची उणीव म्हणून नोंदविलेली असते : देवघेवीची कायमची नोंद राहत नाही. ग्रंथपालांना मात्र तो तिचा गुण वाटे. वाचकाने काय वाचले हे ग्रंथालयाला पुस्तक बाहेर असेपर्यंतच ठाऊक असावे, त्यानंतर त्याने ते विसरावे, असे ते म्हणत. विस्मरणाला त्यांनी शिष्टाचाराचे स्थान दिले होते.

त्याच विद्यापीठात तौलनिक साहित्याची एक संशोधक विद्यार्थिनी मराठीतील जात्यावरच्या ओव्या आणि अवधी-भोजपुरीतील सोहर यांत येणाऱ्या वांझपणाच्या दुःखावर प्रबंध लिहीत होती. विषय जुना आणि अवघड. हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून लाखावर ओव्या जमविल्या, त्यामुळे मराठी बाजूचे साहित्य विपुल होते. पण त्या ओव्यांतील नवस, व्रते, औषधी मुळ्या, वैदूंचे उपाय यांचे संदर्भ लावायचे तर शंभर ठिकाणी विचारपूस करावी लागे. ही विचारपूस ती बहुधा रात्री, आपल्या फोनवर करी. मूल होत नसेल तर कोणत्या देवीला काय बोलतात, कोणते मूळ उगाळून देतात, त्या दोषाला वैद्यकात काय म्हणतात, असे प्रश्न ती महिनोन्महिने विचारीत राहिली.

पुढे तिच्या फोनवर अपत्यप्राप्तीच्या उपचारकेंद्रांच्या जाहिराती दिसू लागल्या. हा योगायोग होता की तिच्या प्रश्नांचा कोणी घेतलेला माग होता, हे तिला कळायला मार्ग नव्हता. संध्याकाळी तिच्या सासूबाई त्याच फोनवरून परगावच्या लेकाशी बोलत. एक दिवस त्यांनी त्या जाहिराती पाहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेच्या उशाशी एका वैद्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवली आणि कुलदेवतेला नवस बोलून आल्याचे, जाता जाता, हलक्या आवाजात सांगितले. त्यांच्या डोळ्यांत दया होती. ती दया सुनेला सहन होईना. आणि हे माझे दुःख नव्हे, माझ्या प्रबंधाचे आहे, असे म्हणणेही तिच्याने होईना. तसे म्हटले असते तर ते दुःख क्षुद्र लेखल्यासारखे झाले असते.

ही हकीकत तिने ग्रंथपालांना सांगितली. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “तू विचारलंस कुणाला?”

“सर, फोनमध्ये जे होतं त्यालाच.”

“आणि ते तिथं कुणी ठेवलं?”

याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. फोन विकत घेतला तेव्हाच ते तेथे होते.

ग्रंथपालांनी सहज विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वॉशिंग्टनच्या न्यायालयात काही वर्षे खटला चालला. अमेरिकेच्या न्याय खात्याने आणि काही राज्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलविरुद्ध दावा लावला. सप्टेंबर २०२३ मध्ये सुनावणी सुरू झाली. आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला, की इंटरनेटवरील शोधाच्या क्षेत्रात गूगलने १८९० च्या शर्मन कायद्याचा भंग करून आपली मक्तेदारी टिकवून धरली. मक्तेदारी टिकविण्याचे साधन होते ते करारांचे. फोन बनविणारे, ब्राउझर बनविणारे, दूरध्वनीसेवा देणारे या सर्वांना पैसे देऊन गूगलने आपले शोधयंत्र त्यांच्या वस्तूंत आधीच बसवून घेतले होते. २०२१ या एका वर्षात या व्यवस्थेपोटी तिने २,६३० कोटी डॉलर मोजले. शोधयंत्र चालविण्याच्या तिच्या इतर सर्व खर्चांची बेरीज केली तरी ही रक्कम तिच्या जवळजवळ चौपट भरते. त्यातला सिंहाचा वाटा ॲपलचा. २०२२ मध्ये एकट्या ॲपलकडे सुमारे २,००० कोटी डॉलर गेले.

या आधीच बसविलेल्या निवडीला इंग्रजीत ‘डीफॉल्ट’ म्हणतात. मराठीत ‘पूर्वनिर्धारित’ असा प्रतिशब्द रूढ होऊ पाहत आहे. पण त्यात निर्धार आहे, आणि मूळ शब्दात निर्धाराचा अभाव आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा धात्वर्थ उणे पडणे, चुकणे असा आहे. इंग्रजी कायद्यात तो रुजला तो न्यायालयात हजर न राहण्याच्या अर्थाने. पुकारा झाला, पक्षकार आला नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध दिलेला जो निकाल, तो ‘डीफॉल्ट’चा निकाल. आपल्याकडच्या कचेऱ्यांत त्याला एकतर्फी हुकूमनामा म्हणतात. संगणकाच्या परिभाषेत शब्द तोच राहिला आणि त्यातला दोष तेवढा पुसला गेला. माणूस निवडीच्या वेळी हजर नव्हता, म्हणून त्याच्या वतीने निवड झाली; आणि ती त्याचीच निवड म्हणून मोजली गेली. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन ज्यांनी प्रथम उच्चारले, त्यांना एवढ्या मौनाचा असा घाऊक व्यापार होईल हे स्वप्नातही दिसले नसेल.

गूगलचा बचाव तुच्छ मानण्याजोगा नव्हता. लोक आमच्याकडे येतात ते आमचे यंत्र सरस आहे म्हणून, आणि ज्याला ते नको असेल त्याला चार ठिकाणी बोट टेकवून ते बदलता येते, असे तिचे म्हणणे. तिचे यंत्र सरस आहे हे न्यायाधीशांनीही मान्य केले. फायरफॉक्स ब्राउझरचा दाखलाही तिच्या बाजूने होता : २०१४ मध्ये मोझिलाने अमेरिकेत गूगल काढून याहू बसविले, आणि पुष्कळ वापरणाऱ्यांनी आपण होऊन पुन्हा गूगल लावून घेतले, अखेर २०१७ मध्ये मोझिलाही गूगलकडे परतली. पण दुसऱ्या पारड्यातही पुरावा होता. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरवर तिचे स्वतःचे बिंग हे यंत्र आधीपासून बसविलेले असते, आणि तेथे सुमारे ८० टक्के शोध बिंगवरच होतात. एरवी ज्याच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही, ते यंत्र केवळ दारात उभे केल्यामुळे घरचे होते. आणि खरोखरच सर्व लोक आपण होऊन येणार असतील, तर कोणता व्यापारी दाराशी उभे राहण्यासाठी वर्षाला अडीच हजार कोटींहून अधिक डॉलर मोजील?

तथापि निकालपत्रातील सर्वांत बोलका पुरावा आणखी वेगळा आहे. २०२० मध्ये गूगलने आपल्याशीच एक परीक्षा घेतली होती : शोधाची प्रत लक्षणीय खालावली तर शोधातून येणारे उत्पन्न किती घटेल? उत्तर आले, की घटणार नाही. येथेच मक्तेदारीचा प्रश्न आणि खाजगीपणाचा प्रश्न एकमेकांना भेटतात. गिऱ्हाईक जाणार नाही अशी खात्री ज्याला आहे, त्याने गिऱ्हाइकाची गुपिते सांभाळण्यात अधिक काटेकोर का व्हावे? सचोटी हीसुद्धा बाजारात चढाओढीने वाढणारी वस्तू आहे. एका पेठेत दोन सोनार असले तर दोघांचीही मापे सरळ राहतात. एकच असला तर ती त्याच्या देवावरच्या भक्तीवर सोडावी लागतात.

अशी चढाओढ कोणी करून पाहिली नाही, असे मात्र नाही. गूगलच्या जाहिरात विभागाचे प्रमुख राहिलेले श्रीधर रामस्वामी यांनी ती कंपनी सोडून २०१९ मध्ये निवा नावाचे शोधयंत्र उभारायला घेतले. त्यात जाहिरात नव्हती आणि वापरणाऱ्याचा माग काढला जाणार नव्हता. पैसे वर्गणीतून यायचे होते. ज्याने जाहिरातीचे घर आतून पाहिले होते त्याने त्याच्यासमोर बांधलेले हे घर. मे २०२३ मध्ये निवाने लोकांसाठीचे शोधयंत्र बंद करीत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी रामस्वामींनी न्यायालयात साक्ष दिली; लोकांच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीच बसलेल्या यंत्राला हलविणे किती दुष्कर आहे, हा त्या साक्षीचा गाभा होता.

या खटल्यात दोन प्रसंग असे घडले, की ते एखाद्या नाटककाराने रचले असते तर समीक्षकांनी त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता. पहिला असा : सफारी ब्राउझरवरील शोधांतून गूगलला जे उत्पन्न मिळते त्याचा किती वाटा ती ॲपलला देते, हे दोन्ही कंपन्यांना गुप्त ठेवायचे होते. सुनावणीचे कित्येक भाग त्यासाठी बंद दाराआड चालले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलच्याच बाजूने आलेल्या एका अर्थशास्त्रज्ञाच्या तोंडून तो आकडा उघड्या न्यायालयात निसटला : ३६ टक्के. कोट्यवधी माणसांच्या मध्यरात्रीच्या शंका ज्यांच्या कोठारात साठतात, त्यांना आपल्या एका टक्केवारीच्या उच्चाराने घाम फुटावा, यात न्याय नसला तरी काव्य आहे.

दुसरा प्रसंग अधिक मार्मिक. गूगलचे कर्मचारी आपसात ज्या व्यवस्थेतून निरोपांची देवाणघेवाण करीत, तीत निरोप चोवीस तासांनी आपोआप पुसले जात. निरोप जपून ठेवायचा असेल तर कर्मचाऱ्याने मुद्दाम तशी कळ दाबावी लागे. न दाबली तर विस्मरण. न्यायाधीशांनी या प्रकाराबद्दल स्पष्ट नापसंती नोंदविली. म्हणजे ‘काहीच न केले तर काय व्हावे’ या प्रश्नाचे मोल त्या कंपनीला उत्तम कळत होते. स्वतःच्या माणसांसाठी तिने विसरणे हे डीफॉल्ट केले होते. ते एक प्रकारचे ब्राउन पद्धतीचे तबकच होते. फक्त त्याचा लाभ वाचकांना नव्हता, ग्रंथपालांना होता.

या ठिकाणी साहित्याच्या अभ्यासकाला कायद्याच्या पंडिताहून थोडे अधिक सांगता येण्यासारखे आहे. शोधयंत्राला विचारलेला प्रश्न हा एक उद्गार असतो, आणि उद्गार कोणाचा, हे केवळ तो कोणाच्या बोटांतून निघाला यावरून ठरत नाही. जात्यावर बसलेली बाई वांझेची ओवी गाते तेव्हा ‘मी’ म्हणते. ती स्वतः चार लेकरांची आई असू शकते. ते ‘मी’ शेजारणीचे असते, मेलेल्या जावेचे असते, गावातील सर्व बायकांचे असते. त्या प्रथमपुरुषाला गायिकेचे आत्मचरित्र समजणे ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची चूक होय. यंत्र नेमकी तीच चूक करते. ज्याने विचारले त्यालाच हवे आहे, जिला कुतूहल आहे तिलाच व्याधी आहे, असे ते धरून चालते. कारण त्याला आस्वाद घ्यायचा नसतो, गिऱ्हाईक गाठायचे असते.

ही चूक किती खोल जाते याचा एक जुना दाखला आहे. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने संशोधनाच्या सद्‌हेतूने सुमारे साडेसहा लाख वापरणाऱ्यांचे तीन महिन्यांतील जवळपास दोन कोटी शोध प्रसिद्ध केले. नावे काढून तेथे आकडे घातले होते. थोड्याच दिवसांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वार्ताहरांनी एका आकड्यामागची स्त्री शोधून काढली. तिचे शोध वाचून ती नाना रोगांनी जर्जर असावी असे वाटे. प्रत्यक्षात ती आपल्या मैत्रिणींच्या दुखण्यांविषयी विचारीत होती. तिच्या आकड्याखाली तिच्या मैत्रिणींची दुखणी जमली होती, आणि ती जगापुढे तिची म्हणून आली. वॉशिंग्टनला कधी न गेलेली एक संशोधक विद्यार्थिनी आणि ती अमेरिकन बाई यांच्यामध्ये समुद्र होता. दोघींवर झालेला अन्याय मात्र एकाच जातीचा होता. दोघींच्याही परदुःखाला स्वदुःख ठरविण्यात आले होते.

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे, की त्याच २००६ साली अमेरिकी सरकारने लोकांच्या शोधांची मागणी केली असता गूगलने ती न्यायालयात रोखली होती आणि तिला यशही आले होते. कोठाराचा धनी नेहमी दुष्टच असतो असे नव्हे. पण गुपिताची सुरक्षितता धन्याच्या त्या त्या वर्षीच्या वृत्तीवर अवलंबून असावी काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

उपाय ठरविताना तर हा पेच अधिकच घट्ट झाला. २ सप्टेंबर २०२५ रोजी मेहता यांनी उपाययोजनेचा निर्णय दिला. क्रोम ब्राउझर विकून टाकण्याची सरकारची मागणी त्यांनी नाकारली. एकाचेच यंत्र बसविण्याचे बंधन घालणारे करार त्यांनी निषिद्ध ठरविले, परंतु जागेसाठी पैसे देण्यास बंदी केली नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरात अशा करारांना एका वर्षाची मुदत घातली गेली. याखेरीज, गूगलने आपल्या शोधसंग्रहातील काही भाग आणि वापरणाऱ्यांच्या वर्तनाची काही माहिती पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यावी, असा आदेश झाला. माहितीतील ओळख पुसली जावी यासाठी दक्षता घेण्याचे बंधन आहे. तरीही तर्क जाणवतो तो असा, की एका घरात कोंडलेली गुपिते मोकळी करायची तर ती आणखी काही घरांत वाटावी लागतात. मक्तेदारी मोडण्याचे औषध खाजगीपणाला थोडे बाधते. एओएलचे प्रकरण ज्यांना आठवते, त्यांना पुसलेल्या नावांचा भरवसा सहज वाटणार नाही. आणि तरी, प्रतिस्पर्धी उभेच राहिले नाहीत तर सचोटीची चढाओढ लागणार कशी? दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि त्यांचा मेळ कोणत्याही एका निकालपत्रात बसण्याजोगा नाही.

भारतात हा विषय परका राहिलेला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड फोनांच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि फोन प्रथम सुरू करताना शोधयंत्र निवडण्याची मुभा वापरणाऱ्याला मिळावी असे फर्मावले; जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतात अशी निवड देण्याचे जाहीर केले. पुढे मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला. पहिला निकाल व्यक्तीच्या अंतरंगाचा होता, दुसरा बाजाराचा. दोन्ही वेगवेगळ्या कपाटांत ठेवले जातात. त्यांच्यामधले नाते उशाशी ठेवलेल्या त्या चिठ्ठीवरून कळते.

ग्रंथपालांना या निकालांचा तपशील विद्यार्थिनीने हळूहळू सांगितला. त्यांना त्यात नवल वाटले नाही. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे. आपल्या पिढीने ते मनोभावे पाळले, असे ते म्हणाले. पण वाचकाचा वेळ वाचवायचा म्हणून वाचकाच्या वतीने पुस्तक निवडायचे आणि त्याच्या नावावर खर्ची टाकायचे, असा त्याचा अर्थ नव्हे. रंगनाथनांनी वाचकांसाठी कपाटे उघडी ठेवण्याचा आग्रह धरला होता. कपाट उघडे असले, की वाचक एक पुस्तक शोधायला जातो आणि शेजारचे घेऊन येतो. यंत्रही शेजारचे दाखवते. मात्र शेजारी कोणाला बसवायचे, याचे कधी कधी पैसे मोजलेले असतात.

विद्यार्थिनीने फोनमधले यंत्र त्याच दिवशी बदलले. त्याला मिनिटभरही लागले नाही, आणि या सोपेपणाचेच तिला वाईट वाटले. इतकी वर्षे ती एका मिनिटासाठी गैरहजर होती. जाहिराती लगेच थांबल्या नाहीत.

मग तिने जे आधी करायला हवे होते ते केले. एका दुपारी ती सासूबाईंपाशी बसली आणि आपला प्रबंध कशावर आहे हे तिने त्यांना सांगितले. आपली मोठी चुलत नणंद मुलावाचून कशी गेली, हे त्यांनी तिला सांगितले. मग थोड्या वेळाने, जाते समोर नसताना, त्यांनी मांडीवर हाताने ठेका धरून सात-आठ ओव्या म्हटल्या. सुनेने वाचलेल्या संग्रहांत त्या नव्हत्या. सवयीने तिचा हात ध्वनिमुद्रणासाठी फोनकडे गेला. सासूबाई थांबल्या.

“हे त्यात घालू नकोस,” त्या म्हणाल्या. “लिहून घे हवं तर. तिचं नाव लिहू नकोस.”

तिने त्या वहीत पेन्सिलीने उतरून घेतल्या. प्रबंधात त्यांच्याखाली गायिकेचे नाव नाही, गावाचेही नाही. परीक्षकांनी त्याबद्दल विचारणा केली, तेव्हा संमती एवढीच होती, असे तिने उत्तर दिले.